हातपाय शाबूत आहेत ना, मग झालं तर!

मंडळी, मागच्या वेळी परसातल्या अळूवर लिहिलं तेव्हा पुढचा लेख गौरीच्या फराळावर लिहीन असं कबूल केलं होतं. तो राहिला. आज मला भांडायचं आहे. कुणाशी, ते पुढे येईलच. वाचणाऱ्यांत निम्मे आमचेच नातेवाईक असल्यामुळे काहींना ते लगेच कळेल.

गेल्या रविवारी दादाकडे गेले होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वय वर्षं ऐंशीच्या आसपास, एस.टी.तला निवृत्त कंडक्टर. घरात पाहुणे बसलेले. वहिनी चहा करत होत्या. पाहुण्यांनी खुर्ची दादाच्या अगदी समोर ओढली आणि विचारलं, "काय, ओळखलंत का मला? सांगा बघू मी कोण?"

दादा हसला. तो पूर्वी गाडीत चढणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघून जसा हसायचा तसा. म्हणाला, "तुम्ही... मेढ्याचे का?"

पाहुणे कोल्हापूरचे. ते खो खो हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "घ्या! काहीच राहिलं नाही हो यांच्या डोक्यात." हे दादाच्या समोर, दादाच्या घरात, दादाच्याच कपातला चहा पिता पिता. दादाला ऐकू येतं, कळतंही. फक्त मघाशी काय झालं ते टिकत नाही. ते शब्द तो विसरलाही असेल, पण त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो गप्प होता. का गप्प आहोत ते त्याला सांगता येईना, एवढंच.

आता मुळापासून सांगते.

२०२४ च्या श्रावणात, एका सोमवारी सकाळी, दादाचा चहाचा कप हातातून सुटला आणि तो काहीतरी भलतंच बोलू लागला. वहिनींना वाटलं पित्त झालं असेल. शेजाऱ्यांनी सांगितलं साखर कमी झाली असेल, गूळ द्या. मला फोन आला तोवर तीन तास गेले होते. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं. रुग्णालयात पोचून स्कॅन होईतो ती वेळ टळली होती. यात कुणाचा दोष काढत नाही, आमचाच होता. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी दिसलं तरी गूळ शोधायचा नाही, गाडी शोधायची. हे सगळ्यांनी फ्रिजवर लिहून चिकटवा.

नऊ दिवसांनी दादा घरी आला. उजवा हात थोडा जड होता, तोही पुढच्या पंधरवड्यात सुधारला. चालतो नीट, जेवतो नीट. जो तो येऊन म्हणाला, "हातपाय शाबूत आहेत ना, मग झालं तर! थोडक्यावर निभावलं. नशीबवान आहात." रुग्णालयातही हेच. घरी सोडताना जो कागद मिळाला त्यावर गोळ्या होत्या, मीठ कमी खा होतं, हातासाठी व्यायाम होता, तीन महिन्यांनी दाखवायला या होतं. स्मृतीबद्दल एक ओळ नव्हती. वहिनींनी विचारलं, "डॉक्टर, हे सकाळी जेवले की नाही ते दुपारी विसरतात." उत्तर मिळालं, "आजी, वय झालंय. एवढं होणारच."

माझं पहिलं भांडण या वाक्याशी आहे.

वय काय रविवारी रात्री झालं? रविवारी संध्याकाळी याच माणसाने वाण्याच्या बिलातली अकरा रुपयांची चूक तोंडी हिशेब करून काढली होती. आणि मंगळवारपासून त्याला पत्नी माहेरी गेली आहे की स्वयंपाकघरात आहे हे आठवेना. म्हातारपण असं रातोरात येत नाही. रातोरात येतो तो झटका. हातात कमजोरी आली की तिला उपचार आणि डोक्यात आली की तिला वय! हा कुठला न्याय? मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलगा नापास झाला की 'त्याची कुवतच तेवढी' म्हणून हात झटकणारे मास्तर मी पाहिलेत. हे तसंच वाटलं मला.

भाचा पुण्यात असतो. त्याने तो स्कॅनचा अहवाल दुसऱ्या एका मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवला. इंग्रजी कागद. मी मराठी माध्यमातली बी.ए., शब्दकोश घेऊन बसले आणि दोन दिवसांत निम्मा समजला, उरलेला भाच्याने समजावला. मेंदूच्या मध्यावर थॅलॅमस नावाचा भाग असतो, त्याच्या डाव्या बाजूला ही गुठळी बसली होती. हा भाग म्हणजे स्टँडवरच्या कंट्रोलरची खिडकी. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली कधी सुटणार, ते तिथून ठरतं. गाड्या सगळ्या जागेवर आहेत, ड्रायव्हर हजर आहेत, पण खिडकीत कोणी नाही. म्हणून हातपाय शाबूत आणि स्मृती मात्र कोलमडलेली, असं होऊ शकतं. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, म्हणजे आमच्या दादाने नवीन काही केलं नव्हतं. मग सोडताना एका वाक्यात हे का सांगता आलं नाही?

आणि जे गेलं ते सगळं गेलं असंही नाही. दादाला विचारा, सातारा-महाबळेश्वर गाडी मेढ्यावरून कशी जाते. कण्हेर, मेढा, केळघर, मधले थांबे, घाटातली वळणं, सगळं तो डोळे मिटून सांगतो. कुठल्या थांब्यावर कोण म्हातारी भाजीची पाटी घेऊन चढायची तेही. जुनं पक्कं, नवं टिकत नाही. त्यातून एकदा मोठा घोटाळा झाला. पहाटे चारला दादा उठला, कपडे केले आणि चालत एस.टी. स्टँडवर गेला. तिथे मेढ्याच्या गाडीपाशी उभा राहून तो आपला तिकिटांचा ट्रे आणि पंच मागत होता. ड्युटीवरच्या एका तरुण कंडक्टरने त्याला ओळखलं नाही, पण बाकावर बसवलं, चहा पाजला, खिशातल्या चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन केला. "काका, गाडी लेट आहे, बसा," एवढंच म्हणाला. वाद घातला नाही, हसला नाही. त्या पोराला हे शिकवायला कोणी गेलं नव्हतं. आमच्या शिकलेल्या नातेवाइकांना ते अजून जमत नाही.

त्या दिवसानंतर घरात बैठक भरली. एक म्हणाले, बाहेरून कडी लावा. दुसरे म्हणाले, रात्रीची झोपेची गोळी सुरू करा. तिसऱ्यांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, "घराच्या कागदांवर सह्या असतील तर आत्ताच घेऊन ठेवा, पुढे अवघड जाईल." (होय, तुम्हीच. नाव लिहीत नाही.) उपचार कुठे मिळतील हे एकानेही विचारलं नाही. सल्ले मात्र भरपूर. कुणी ब्राह्मीचं तेल आणलं, कुणी बदामाचा हलवा, कुणी सांगितलं लकवा उतरवणाऱ्याकडे न्या, वर्षातून दोनदा सलाईन लावतो, परत झटका येत नाही. एका सुशिक्षित बाईंनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. कुठे चोळायचं हो? हात तर बरा आहे, डोक्यावर चोळू?

औषधांच्या चिठ्ठीवरही एक महागडी 'मेंदूची शक्ती वाढवणारी' गोळी होती. तिच्यातलं द्रव्य सिटिकोलिन. याच द्रव्याची युरोपात २२९८ रुग्णांवर चाचणी झाली होती, झटका आल्यावर काही तासांतच सुरू करून. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष आले, की तीन महिन्यांनी औषध घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत फरक दिसला नाही. आम्ही महिनोन् महिने तिच्यावर पैसे घालत होतो आणि त्याच पैशात आठवड्याला एकदा उपचारतज्ज्ञ घरी आले असते. गोळ्या आपल्या मनाने बंद करा असं मी बिलकूल म्हणत नाही. रक्तदाबाची, साखरेची आणि गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी एक दिवसही चुकवू नये, कारण दुसरा झटका उरलंसुरलं घेऊन जातो. पण कुठली गोळी कशासाठी, हे डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे? विचारलं की 'आजी फार चौकशा करतात' असा चेहरा होतो. होऊ दे.

आता परीक्षेचं सांगते, कारण परीक्षा हा माझा प्रांत. स्मृतीची तीस गुणांची चाचणी असते. एका रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरने दादाची घेतली. मुलगा चांगला होता, पण कागद इंग्रजी आणि तो मनातल्या मनात भाषांतर करत विचारत होता. लक्षात ठेवायच्या शब्दांत एक 'डेझी' नावाचं फूल होतं. आमच्या दादाने आयुष्यात झेंडू, शेवंती, कण्हेर पाहिली. डेझी हे त्याला कुणाच्या तरी कुत्रीचं नाव वाटलं. ऋतू कोणता विचारल्यावर म्हणाला, "कागदावर पावसाळा, पण पाऊस कुठाय?" ते उत्तर चूक की बरोबर, डॉक्टर गोंधळला. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं तेव्हा मात्र दादाने धडाधड सांगितलं, हिशेबाचा माणूस. शेवटी गुण मिळाले सोळा.

जो धडा शिकवलाच नाही त्यावर प्रश्न विचारून मुलाला ढ ठरवू नये, हे डी.एड.च्या पहिल्या वर्षात शिकवतात. चाचण्या वाईट असतात असं नाही. शिक्षण कमी असेल तर गुण कमी पडतात हे त्या तयार करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर माणसांसाठी १९९० च्या दशकात हिंदीत मुद्दाम वेगळी चाचणी तयार केली गेली. म्हणजे करणाऱ्यांना करता येतं. मराठी माणसाला मराठीत, त्याच्या आयुष्यातले शब्द घेऊन, शांत खोलीत, चष्मा आणि कानातलं यंत्र लावून विचारा. मग काय गुण मिळतील ते खरे. दादाचं कानातलं यंत्र त्या दिवशी घरी राहिलं होतं. हे कोणी विचारलंच नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

पुण्यातले डॉक्टर (भाच्याने शोधलेले) यांनी मात्र वेगळ्या दिशेने सुरुवात केली. रक्त तपासलं. बी-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला. शाकाहारी माणूस, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी कित्येक वर्षं चालू, आणि त्या गोळीने बी-१२ कमी होतं. थायरॉइड पाहिला, तो ठीक निघाला. लघवीसाठी चालू असलेली एक गोळी वृद्धांमध्ये गोंधळ वाढवते म्हणून बदलली. आणि त्यांनी दादाला पाच मिनिटं एकटं बसवून विचारलं, "मन लागतं का?" दादा रडला. चाळीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि ते वरून विसरभोळेपणासारखंच दिसतं. माणूस लक्षच देत नाही, मग लक्षात काय राहणार? त्यावर उपचार आहेत. बी-१२ ची इंजेक्शनं आणि मनावरचं औषध सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांत दादा वर्तमानपत्र हातात घेऊ लागला. स्मृती परत आली असं नाही हं. सकाळचं दुपारी अजून विसरतोच. पण मळभ थोडं सरलं. 'वय झालंय' म्हणून बसलो असतो तर एवढंही झालं नसतं.

मग त्यांनी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं. मराठीत काय म्हणायचं मला ठाऊक नाही, रोजचे व्यवहार पुन्हा शिकवणाऱ्या बाई म्हणू. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजोबा काय काम करायचे?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस! कंडक्टर म्हटल्यावर म्हणाल्या, "मग त्यांना वेबिल भरता येत असेल."

मला हे सुचायला हवं होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कंडक्टरला प्रत्येक टप्प्याला वेबिलात तिकिटांचे आकडे लिहावे लागत. दादाने जवळजवळ पस्तीस वर्षं ते केलं. बाईंनी एका वहीला वेबिलासारख्या रेघा मारल्या. सहाला चहा, साडेसहाला गोळी, आठला आंघोळ, साडेआठला नाश्ता, आणि शेवटच्या रकान्यात 'कोण आलं'. प्रत्येक गोष्ट झाली की दादा वेळ लिहून सही करतो. आठवत नसेल तर वही बघतो. नवीन गोष्ट डोक्यात टिकत नाही, पण टप्पा आला की लिहायचं ही सवय हातात पक्की आहे. ती सवय झटक्याने पुसली नाही. पहिले तीन आठवडे आठवण करून द्यावी लागली, आता तो आपणहून वहीकडे हात नेतो. एका नोंदीत लिहिलंय, 'बाई आल्या. भांडून गेल्या.' बाई म्हणजे मी. तो मला लहानपणापासून चिडवायला बाई म्हणतो. नोंद अचूक आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली आणि ती ऐकून मला माझ्या चौतीस वर्षांची लाज वाटली. दादा घरी आल्यावर पहिले तीन आठवडे मी काय करत होते? रोज जाऊन त्याच्या समोर बसायची. "दादा, आज वार कोणता? नाही, आठव. अजून आठव. मी कोण? सकाळी काय खाल्लंस?" चुकला की "अरे, आत्ताच तर सांगितलं!" ताणलं की आठवेल, या समजुतीने. बाई म्हणाल्या, असं ताणून विचारलं की माणूस अंदाज करतो, अंदाज चुकतो, आणि ती चूकच पक्की होते. त्याला चुकूच द्यायचं नाही. उत्तर आपण आधी सांगायचं, मग थोड्या वेळाने विचारायचं, बरोबर आलं की मधला वेळ वाढवायचा. अर्धं मिनिट, एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. पाढे असेच तर पाठ करून घ्यायचो आम्ही पहिली-दुसरीत! पण दादापुढे मी शिक्षिका उरले नाही, परीक्षक झाले. नातवाचं नाव त्याला या पद्धतीने आता येतं. तीन वर्षांचा आहे नातू, झटक्याच्या आधी फारसा भेटला नव्हता म्हणून तो 'नव्यात' जमा होता.

अशी मदत जिल्ह्याच्या गावात सहज का मिळू नये? आम्हाला दर पंधरा दिवसांनी पुण्याला जावं लागलं, ऐंशीच्या माणसाला घेऊन, खंबाटकी ओलांडून. ज्यांच्याकडे भाचा नाही, गाडी नाही, त्यांनी काय करायचं? ऑक्टोबर २०२४ अखेर सत्तरीवरच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण मिळालं, चांगलं झालं. पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. घरी सोडल्यावर पंधरा दिवसांचा खर्च त्यात धरतात. स्मृतीचं काम तर सोळाव्या दिवशी सुरू होतं! पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते आणि नेमक्या त्याच काळात आपण एकटे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत साठीवरच्या भारतीयांत शंभरांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश असल्याचं दिसलं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. हे काही माझ्या एकटीच्या भावाचं रडगाणं नाही.

जी दारं मला सापडली ती सांगून ठेवते. बोलणं अडखळत असेल, शब्द सापडत नसतील, तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, ती बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीच. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये स्मृतिविकारांची तपासणी होते. आमच्या दारातून जाणारा महामार्ग बेंगळुरूलाच जातो, पण आम्हाला ते दीड महिन्याने कळलं. मन खचलं असेल तर, रुग्णाचं नव्हे, सांभाळणाऱ्याचंसुद्धा, १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

सांभाळणाऱ्याचं म्हटलं आणि वहिनी आठवल्या. त्या बहात्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले. सव्वा वर्षात त्या एका लग्नाला गेल्या नाहीत. दिवसातून चाळीस वेळा "आज वार कोणता" ला चाळीस वेळा उत्तर देतात. एकदा एकेचाळिसाव्याला ओरडल्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडत बसल्या. येणारा प्रत्येक जण दादाची चौकशी करतो. "वहिनी, तुम्ही जेवलात का?" असं विचारणारं कुणी मला अजून दिसलेलं नाही. मीही उशिराच विचारलं.

तर दिवाळीत दादाकडे येणार असाल तर ऐका. दारातच आपलं नाव आणि गाव सांगायचं. "दादा, मी अमुक, कोरेगावची, तुमच्या मावसबहिणीची मुलगी," इतकं स्पष्ट. ओळखलंत का, हे विचारायचं नाही. जुनं काहीतरी काढा, घाटातली गाडी, पावसात अडकलेली फेरी, तो खुलतो. तोच प्रश्न परत विचारला तर तेच उत्तर त्याच आवाजात द्या. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल 'यांना', 'त्यांना' करत बोलू नका. मिठाई नको, मधुमेह आहे. दोन तास थांबलात आणि वहिनींना देवळात जाऊ दिलंत तर तीच भाऊबीज. आणि निघताना वेबिलाच्या शेवटच्या रकान्यात आपलं नाव स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात लिहा. वही टीपॉयवर असते. पेन दोऱ्याने बांधलेलं आहे, तोडून नेऊ नका, आत्तापर्यंत तीन गेली.